साथ आणि मतदानाची तारीख
१५ मार्च २०२०. कोरोनाच्या साथीमुळे फ्रान्समध्ये आदल्या मध्यरात्रीपासून कॅफे, रेस्टॉरंट बंद. तरीही सकाळी देशभर नगरपालिकांचे मतदान झालेच. लोकांना घरी बसा सांगायचे आणि मतदान केंद्रावरही बोलवायचे, हा निर्णय चुकीचाच होता. निम्म्याहून अधिक मतदार तिकडे फिरकलेच नाहीत. दुसरी फेरी पुढे ढकलून २८ जूनला घ्यावी लागली.

ब्राझीलने त्याच वर्षी राज्यघटना दुरुस्त करून ऑक्टोबरच्या पालिका निवडणुका नोव्हेंबरमध्ये नेल्या. मास्क सक्तीचा केला, बोटांच्या ठशांची पडताळणी थांबवली, सकाळी ७ ते १० ही वेळ साठीपुढच्यांसाठी प्राधान्याची ठेवली. साथ तिथेही भयंकर होती; पण तयारीला सवड मिळाली. निवडणूक लांबवण्याचा मोह सत्ताधाऱ्यांना होतोच. म्हणूनच ती किती लांबवता येईल, याची मर्यादा साथ येण्याआधीच कायद्यात लिहिलेली हवी.