घर दिलं, पण कोणत्या विभक्तीत?

दर काही दिवसांनी व्हॉट्सअ‍ॅपवर तोच फॉरवर्ड येतो. रशियनमध्ये घराला ‘दोम’ म्हणतात, वेदांत ‘दम’ म्हणजे घर. म्हणजे बघा, सगळ्या भाषा संस्कृतमधून निघाल्या! हा अभिमान मला खोटा वाटतो, आणि आळशीही.

दोन्ही शब्द नात्यातले आहेत, हे खरं. पण त्या मायलेकी नाहीत, बहिणी आहेत. स्लाव्ह भाषांच्या मूळ भाषेत हा शब्द *‘दोमु’ असा असावा, असं अभ्यासक मानतात. त्याच्या आधीची चांदणी सांगते, की हे रूप कुठेही लिहिलेलं सापडलेलं नाही. रशियन, पोलिश, चेक शब्दांची तुलना करून ते बांधलंय. वैदिक ‘दम’ आणि लॅटिन ‘दोमुस’ही त्याच कुळातले. आपल्याकडे त्याचा अंश ‘दंपती’त उरलाय: घराचे धनी.

फॉरवर्डवाले इथेच थांबतात. खरी गोष्ट पुढे, व्याकरणात आहे. रशियनमध्ये ‘व दोमे’ म्हणजे घरात, चार भिंतींच्या आत. नुसतं ‘दोमा’ म्हणजे घरी. मराठीतही हाच भेद आहे. ‘घरी’तली ई ही जुनी सप्तमी, ‘गावी’, ‘दारी’ अशा मोजक्या शब्दांत ती टिकली. ‘फ्लॅटी’ किंवा ‘इमारती राहतो’ असं कुणी म्हणत नाही. चोर घरात शिरतो, घरी येत नाही. घरी आपण येतो.

मी माहुलला राहतो. इथल्या हवेमुळे रहिवाशांच्या आरोग्याला धोका आहे, हे राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्येच म्हटलं होतं. तरी २०१७ मध्ये तानसा जलवाहिनीलगतच्या वस्त्या तोडून माणसं इथे, रिफायनऱ्यांच्या शेजारच्या इमारतींत पाठवली. लोकांनी आंदोलन केलं. २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं: इथे राहायची सक्ती करू नका, दुसरीकडे घर द्या, नाहीतर महिना १५,००० रुपये भाडं द्या.

सरकारी हिशेबात सदनिका दिली की घर दिलं. खिडकी उघडायची भीती वाटते तिथे माणूस घरात असतो, घरी नसतो. हा फरक आपल्या भाषेने शतकानुशतकं जपला आणि आपण मात्र वंशावळी फॉरवर्ड करत बसलो. मराठीचा अभिमान असेल, तर ‘घरी’ या एका रूपाची बाजू घ्या. ते मागणाऱ्यांच्या शेजारी उभे राहा.