टाकीतले सतरा किलो

शनिवारी सकाळी ताम्हिणी उतरून मुरुड-कर्द्याकडे निघालेल्या मोटारीच्या टाकीत 40 लिटर पेट्रोल असेल, तर त्यातले आठ लिटर इथेनॉल असते. तेवढे इथेनॉल तांदळापासून काढायचे तर सुमारे 17 किलो तांदूळ लागतो. दापोलीच्या रेशन दुकानात प्राधान्य कुटुंबातल्या माणसाला महिन्याला मिळते 5 किलो धान्य. म्हणजे एका टाकीत साडेतीन माणसांचा महिना.

सगळेच इथेनॉल तांदळाचे नसते. ऊस आणि मका हे मोठे वाटेकरी आहेत. पण तांदळाचा वाटाही आता किरकोळ राहिलेला नाही. 2024-25 साठी अन्न महामंडळाचा 52 लाख टन तांदूळ इथेनॉलसाठी मंजूर झाला, क्विंटलला 2250 रुपये दराने. खरेदी, साठवण, वाहतूक धरून हाच तांदूळ सरकारला किलोमागे चाळिसेक रुपयांना पडतो. त्याआधी, जुलै 2023 मध्ये, तांदूळ महागेल म्हणून बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद करावी लागली होती आणि इथेनॉलला द्यायचा तांदूळही थांबला होता. एका पावसाने डोळे वटारले की धोरण ताटाकडे वळते, गोदामे भरली की पुन्हा टाकीकडे.

गोदामे तुडुंब आहेत, तांदूळ कुजण्यापेक्षा जाळलेला बरा, असे उत्तर येते. पण ती तुंबतात का? पंजाब-हरियाणात जमिनीखालचे पाणी उपसून भात लावला जातो, वीज फुकट वा स्वस्त आणि खरेदीची हमी. खाचरात पावसाच्या भरवशावर लावणी करणाऱ्या कोकणातल्या शेतकऱ्याला हा हिशेब चमत्कारिक वाटेल. भूगर्भातले पाणी पेट्रोलमध्ये मिसळायचे आणि त्याला हरित इंधन म्हणायचे!

2009 च्या जैवइंधन धोरणात कच्चा माल अखाद्य असावा आणि पडीक जमिनीवर घ्यावा, अशी अट होती. त्या काळी मोगली एरंडाचा गाजावाजा झाला. उत्पन्न दाव्यांच्या जवळपासही आले नाही आणि झाडासोबत अटही विस्मरणात गेली. 2018 च्या धोरणाने खराब धान्याला आणि समितीने ठरवलेल्या ‘अतिरिक्त’ धान्याला वाट मोकळी केली. 2022 मध्ये 20 टक्के मिश्रणाची मुदत 2030 वरून 2025-26 वर ओढली गेली. एवढी घाई म्हटल्यावर हाताशी होते तेच धान्य वापरले गेले.

खरे तर त्या जुन्या अटीत बसणारे झाड दापोलीच्या किनाऱ्यावर उभे आहे. उंडी. खाऱ्या वाऱ्याला दाद देत नाही, वाळूत तग धरते, आणि बियांच्या गरात निम्म्याहून अधिक तेल असते, तेही अखाद्य. वीज येण्यापूर्वी या तेलाचे दिवे जळत. दापोलीच्या कृषी विद्यापीठात, वनशास्त्र महाविद्यालयात, उंडीवर अभ्यासही झाले आहेत. पण बिया वेचून आणणाऱ्या बाईला भाव कोण देणार? अशा तेलापासून होणारे बायोडिझेल 2030 पर्यंत डिझेलमध्ये 5 टक्के मिसळायचे ठरले आहे. आजचे प्रमाण एक टक्काही नाही. इथेनॉलमागे साखर कारखान्यांचे वजन आहे, उंडीमागे कोणी नाही. (उद्या कोणी उंडीचेही उद्दिष्ट ठरवून डोंगरावरचे रान तोडून तिच्या रांगा लावू नयेत. काजूपायी ते पुरेसे झाले आहे.)

तूर्त एक साधी गोष्ट करता येईल. पंपावर पेट्रोलचा भाव लिहितात, तिथेच त्यात मिसळलेले इथेनॉल किती उसाचे, किती मक्याचे आणि किती तांदळाचे, हे तेल कंपन्यांनी लिहावे. हिशेब त्यांच्याकडे तयारच असणार. प्रत्येकाचा खरेदीदर वेगळा आहे.