तोफेचा धर्म कोणता?

किल्ल्यावरचा गाईड असो की शस्त्रप्रदर्शनातला निवेदक, त्याची गोष्ट ठरलेली असते. एका बाजूला ‘आपण’, दुसऱ्या बाजूला ‘ते’. काचेमागची तलवार आपली, तिने कापलेली मान त्यांची. सहलीला आलेल्या वर्गात दोन-तीन मुसलमान मुलं असतात. ती गप्प राहतात. आपल्याला कोणत्या बाजूला उभं केलंय, हे त्यांना बरोबर कळलेलं असतं.

शस्त्रं जरूर दाखवावीत. आक्षेप आहे तो त्यांच्या नावावर अर्धवट सांगण्याला. कारण शस्त्र स्वतः वेगळंच बोलतं.

विजापूरच्या बुरुजावरची मलिक-ए-मैदान घ्या. ही अजस्र तोफ १५४९ साली अहमदनगरात ओतली गेली. राज्य निजामशहाचं, कारागीर महंमद रूमी. ‘रूमी’ म्हणजे उस्मानी तुर्कांच्या मुलखातला. पुढे १६३२ मध्ये ती परांड्याहून विजापूरला नेली आदिलशाहीच्या मुरार पंडिताने. म्हणजे एका मुसलमान सुलतानाची तोफ दुसऱ्या मुसलमान सुलतानासाठी एका ब्राह्मण कारभाऱ्याने नेली. १६८६ मध्ये औरंगजेबाने विजापूर घेतलं आणि त्याच तोफेवर आपल्या विजयाचा लेख कोरवला. तो विजय कोणावर? आदिलशहावर. आता सांगा, या तोफेला कोणत्या धर्माच्या रांगेत उभं करणार?

दुसरं उदाहरण वाघनखांचं. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधली वाघनखं जुलै २०२४ मध्ये साताऱ्यात आली. केवढा गाजावाजा झाला! ती महाराजांचीच, याची खात्री देता येत नाही, असं ते म्युझियमच सांगतं. त्यांच्यासोबतच्या डबीवर इंग्रजांनी जो मजकूर लिहिला आहे, त्यात अफजलखानाला मोगल सेनापती म्हटलंय. खान होता आदिलशाहीचा! ज्याने लेबल लिहिलं त्याला आदिलशाही आणि मोगल यांतला फरक ठाऊक नव्हता. सगळे मुसलमान त्याला एकच दिसले. दोनशे वर्षांनी आपलेही अनेक वक्ते तीच चूक करतात, फरक एवढाच की ती आता भाबडेपणाने होत नाही. प्रतापगडाच्या त्या भेटीत खानाचा वकील कृष्णाजी भास्कर होता आणि महाराजांच्या अंगरक्षकांत सिद्दी इब्राहिम होता, हे प्रदर्शनात मोठ्या अक्षरांत लिहायला कोणी अडवलंय?

मराठ्यांच्या तलवारीच्या एका प्रकाराला ‘फिरंग’ म्हणतात, कारण तिचं पातं फिरंग्यांच्या मुलखातून यायचं. ‘तोफ’ हा शब्द तुर्की. ‘गोलंदाज’ फारसी, आज क्रिकेटच्या समालोचनात तो दर षटकाला ऐकू येतो आणि कोणाच्याही भावना दुखावत नाहीत. हवालदार, सुभेदार ही पदं आजच्या भारतीय सैन्यातही आहेत. लढाईची सगळी भाषाच सामायिक, मग तिचा वारसा एकाचाच कसा?

ज्या नगरात ती तोफ ओतली गेली, तिथेच आज लष्कराचं रणगाडा संग्रहालय आहे. शहराचं नाव सरकारने बदललं; तोफेचं जन्मगाव बदलता येत नाही. रणगाडे बघायला मुलांना नेलंत तर त्यांना सप्टेंबर १९६५ सांगा. खेमकरण भागात, असल उत्तरच्या लढाईत, जीपवर बसवलेल्या तोफेने पाकिस्तानचे पॅटन रणगाडे फोडणारा आणि तिथेच शहीद झालेला जवान होता अब्दुल हमीद. त्याला परमवीर चक्र मिळालं. पण हेही सांगा की दर वेळी अब्दुल हमीदचं नाव पुढे करून निष्ठेची पावती दाखवण्याची गरज आपल्याला नाही. तो देशाचा शूर सैनिक होता. आपलं ओळखपत्र म्हणून त्याला वापरणं हा त्याच्यावरही अन्याय आहे.

थोडं आपल्या लोकांशीही बोलायचंय. आपल्यातले बरेच जण किल्ल्यांकडे, शस्त्रसंग्रहालयांकडे फिरकत नाहीत. ‘तिथं आपल्याला शिव्याच ऐकायच्या’, असं म्हणतात. काही जण उलट टोक गाठतात: त्यांची तलवार तर आपला टिपू. पहिल्यात मैदान सोडणं आहे, दुसऱ्यात त्यांचाच खेळ त्यांच्याच नियमांनी खेळणं आहे. दोन्हींत ते मूल गप्पच राहतं.

त्यापेक्षा जा. मुलांना घेऊन जा. तोफेवरचा फारसी लेख ज्याला वाचता येतो अशा एखाद्या मौलवीसाहेबांना किंवा उर्दूच्या शिक्षकांना सोबत न्या. गाईडला आवाज न चढवता विचारा: ही कोणी ओतली? ओढून कोणी आणली? कोणाकडून जिंकली? संग्रहालयांकडे लेखी मागणी करा की प्रत्येक शस्त्राखाली राजाबरोबर कारागिराचंही नाव हवं, आणि त्यावरच्या लेखाचा मराठी अर्थ हवा. ही मागणी मुसलमानांसाठी सवलत मागणारी नाही. पूर्ण इतिहास मागण्याचा हक्क वर्गातल्या सगळ्याच मुलांना आहे.