सही करण्याआधी हिशेब मांडा

कन्हेरीसारख्या गावांतली आमची मुलं-मुली बारावीनंतर लॅब, एक्स-रे, ओटी टेक्निशियनच्या कोर्सकडे वळतात. वळावंच. पण कर्जाच्या कागदावर सही करण्याआधी हिशेब मांडा.

समजा, दीड लाखाचं कर्ज, १२ टक्के व्याज, ३ वर्षं मुदत. हप्ता महिना सुमारे ५ हजार. खासगी दवाखान्यात १२ हजार पगार मिळाला आणि खोली, मेस, प्रवासाला ६ हजार गेले, तर हाती उरतात १ हजार. एक आजारपण आलं की हप्ता थकला!

कर्ज हा शेवटचा मार्ग. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असेल, तर अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. १९४४ पासूनच्या या योजनेमागे बाबासाहेबांची धडपड आहे. पण ती मान्यताप्राप्त कोर्सलाच मिळते. म्हणून संस्थेला विचारा: मान्यता कोणाची? महाराष्ट्र परावैद्यक परिषदेत नोंदणी होईल का? महाडीबीटीवर कोर्स दिसतो का? उत्तर टाळलं, तर प्रवेश टाळा.

शिष्यवृत्ती असूनही आधी पूर्ण फी मागितली, तर एकट्याने सावकाराकडे जाऊ नका. दहा जण मिळून समाजकल्याण कार्यालयात जा. बाबासाहेबांनी शिका म्हटलं, तसंच संघटित व्हा असंही म्हटलं आहे.

जय भीम!