माळाला पाऊल ओळखू येत नाही

वसई-विरारमध्ये डोंगरवेड्यांना तोटा नाही. तुंगारेश्वर आणि कामणदुर्ग पायाखालून गेले की कासचे पठार आणि मग हिमालयातली सरोवरे, असा आपला क्रमच ठरून गेला आहे. मीही याच मेळ्यातला. म्हणूनच आपल्यात पुन्हा पुन्हा ऐकू येणाऱ्या एका युक्तिवादाला उत्तर देणे मला गरजेचे वाटते. ‘गाडीतून उतरून वेफर्सची पाकिटे फेकणारे पर्यटक वेगळे आणि पाठीवर बिऱ्हाड घेऊन चालणारे आपण वेगळे. आपण कचरा परत आणतो. मग आपल्यावर मर्यादा कशाला?’

कचरा परत आणावाच. पण उंचावरचे कुरण नुसत्या कचऱ्याने मरत नाही, ते वजनाने मरते. उत्तराखंडातल्या रूपकुंड सरोवराच्या वाटेवरची आली आणि बेदनी ही बुग्याले, म्हणजे उंचावरची कुरणे, तीन हजार मीटरहून अधिक उंचीवर आहेत. बर्फ वितळल्यावर तिथे गवत डोके वर काढते आणि थंडी आली की सुकते. वाढीला मिळतात ते मोजके महिने, आणि ट्रेकचा मुख्य हंगामही त्यातच येतो. आज एका गटाचा तंबू उठतो, उद्या त्याच जागी दुसऱ्याचा ठोकला जातो. खालचे गवत पिवळे पडते ते तसेच राहते. पावसाचे पाणी आत येऊ नये म्हणून तंबूभोवती चर खणतात आणि पुढच्या सरीला त्याच चरातून माती उताराला लागते. वाटेत चिखल झाला की बूट वाचवण्यासाठी आपण कडेच्या गवतावर पाय ठेवतो. मागचा आपल्या पावलावर पाऊल टाकतो, मग ती कडही चिखल होते आणि तिसरा आणखी बाहेरून जातो. यातल्या कुणाचेही निसर्गावर प्रेम कमी नसते.

‘माझ्या एकट्याने काय होणार?’ हा प्रश्न वसईकराने तरी विचारू नये. टँकर आमच्या विहिरींचे पाणी उपसत होते आणि वाड्यांच्या जागी इमारती उभ्या राहत होत्या, तेव्हाही प्रत्येकाचा वाटा छोटाच होता. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समिती लढली ती या छोट्या वाट्यांच्या बेरजेविरुद्ध.

ऑगस्ट 2018 मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने बुग्यालांवर रात्रीच्या मुक्कामाला बंदी केली, पर्यटकांची संख्या दोनशेवर आणायला सांगितले आणि व्यावसायिक चराईवर निर्बंध घातले. तेव्हा पोटापाण्याचा आक्षेप निघाला. तो खोटा नव्हता. पायथ्याच्या गावांतले वाटाडे आणि खेचरवाले यांच्या हंगामावर घाला पडला, आणि त्यांना दुसरे काम मिळवून देणे ही सरकारची जबाबदारीच आहे. पण पाहुणे ज्या कुरणासाठी येतात ते कुरणच गेले, तर या माणसांच्या हाती काय उरणार? मुक्काम बुग्यालाखालच्या झाडोऱ्यात किंवा गावातल्या घरांतही होऊ शकतो. तेवढ्याने कुंडापर्यंत पोचता येत नसेल, तर न पोचता परतावे. रूपकुंड न पाहता मी म्हातारा झालो तरी चालेल.

बंदी आली की गर्दी दुसरीकडे सरकते, हेही खरे. काश्मीरमध्ये सोनमर्गहून विशनसर, गडसर, गंगाबल करत नारानागला उतरणाऱ्या वाटेवरही तंबू कुरणातच लागतात. म्हणून मर्यादा एका बुग्यालापुरती ठेवून भागणार नाही.

मात्र दुसऱ्या टोकालाही मी जाणार नाही. ‘कुंपण घाला आणि सगळ्यांना हाकला’ म्हणणाऱ्यांनी कास पाहावे. 2012 मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात त्याचा समावेश झाला. साधारण बाराशे मीटर उंचीवरच्या या सड्यावर जांभ्या खडकावर जेमतेम मातीचा थर आहे. सप्टेंबरात त्यावर बोटभर पाणी झिरपत असते आणि त्यात सीतेची आसवे फुलतात. निळसर-जांभळे फूल नखाएवढे. मातीत सत्त्व नाही, म्हणून हे झाड जमिनीखालच्या सूक्ष्म पिशव्यांत बारीक जीव पकडून जगते. बुटाचा एक ठसा पडला की कितीतरी रोपे जातात. त्यांना वाचवायला कुंपण घातले आणि गुरे बाहेर राहिली. चराई थांबल्यावर गवत माजले, त्याखाली ही बुटकी झाडे झाकली गेली आणि फुले घटल्याची तक्रार आली. पुढे कुंपण काढावे लागले. पिढ्यान्पिढ्या गुरे चारणाऱ्या गावकऱ्यांना विचारून पाऊल उचलले असते, तर ही वेळ आली नसती. कासवर हंगामात रोजच्या माणसांचा आकडा ठरवला गेला आणि व्यवस्थेत आसपासच्या गावांच्या समित्या आल्या, तो मार्ग मला योग्य वाटतो. आकडा कडक असावा आणि तिथला गुराखी तिथेच असावा.

तुंगारेश्वर 2003 पासून अभयारण्य आहे. कासला पाळायची शिस्त आधी तिथे पाळून दाखवू. पावसाळ्यात सड्यावर तंबू नको, चिखल आला तरी रुळलेल्या वाटेवरूनच चालायचे आणि गट लहान ठेवायचा. वसई-विरारमधून बस भरून गट नेणाऱ्यांनी पुढच्या हंगामाची जाहिरात करण्याआधी आपल्या गटाचा आकडा ठरवावा, आणि तो भरला की येणाऱ्याला पैसे न घेता सांगावे, यंदा जागा नाही.