रोमची आज्ञा कोणी पाळली?

ख्रिस्ती धर्म रोमने घडवला आणि जगाला वाटला, असे एका विद्वानांनी नुकतेच ठासून लिहिले आहे. त्यांच्या मते रोमच्या बिशपने आज्ञा करायची, पूर्वेकडच्या मंडळींनी ती मुकाट पाळायची. पुढे सम्राट कॉन्स्टंटाइनने शिक्का मारला की झाला धर्म तयार. एवढ्या ठाम बोलण्यामागे पहिल्या तीन शतकांचे वाचन दिसत नाही.

पौलाने रोमकरांना पत्र लिहिले ते इ.स. 57च्या सुमारास, रोम पाहण्यापूर्वी. तिथली मंडळी साम्राज्याच्या पूर्वेकडून आलेल्या माणसांनी आधीच उभी केली होती.

आता आज्ञेचे बघू. 190च्या सुमारास ईस्टरवरून भांडण पेटले. आशिया प्रांतातल्या मंडळी ज्यू पंचांगाप्रमाणे निसान महिन्याच्या 14 तारखेला सण पाळत. रोमचा आग्रह रविवारचा. रोमचा बिशप व्हिक्टर त्यांना बहिष्कृत करायला निघाला. एफेससच्या पॉलिक्रेटिसने आपल्या भूमीत पुरलेल्या प्रेषितांची, हुतात्म्यांची नावे एकेक करून लिहिली आणि धमक्यांना भीत नाही असे कळवले. ल्योंचा इरेनियस तर रविवार पाळणारा, पण त्यानेही व्हिक्टरलाच समज दिली: याच प्रश्नावर रोमचा आधीचा बिशप अनिसेटस आणि स्मर्नाचा पॉलिकार्प यांचे पटले नव्हते, तरी दोघांनी सोबत उपासना केली आणि सलोख्याने निरोप घेतला. 256मध्ये बाप्तिस्म्याच्या वादात कार्थेजच्या सिप्रियनने आफ्रिकी बिशपांची सभा भरवून रोमच्या स्टीफनचे मत धुडकावले. याला आज्ञापालन म्हणायचे, तर बंड कशाला म्हणायचे?

325ची नायसियाची परिषद सम्राटाने बोलावली. रोमचा बिशप तिथे गेलाच नाही, दोन प्रतिनिधी पाठवले. तिथे मतदान घेऊन बायबल ठरवले, हा जुना हट्टही आता सोडावा. परिषदेच्या 20 नियमांत तसे अक्षरही नाही.

साम्राज्याच्या सीमेपलीकडे तर रोमचे नावही नको. सहाव्या शतकातला व्यापारी कॉस्मस ‘कल्लियाना’ इथे पर्शियातून नेमलेला बिशप असल्याचे नोंदवतो. अनेक अभ्यासक हे आपले कल्याण मानतात.

रोमचे मोठेपण मला मान्य आहे. ते वेगळ्या जागी आहे. पॅलेस्टाइनचा जस्टिन, पाँटसचा मार्सियन, इजिप्तचा व्हॅलेंटिनस आपापली शिकवण घेऊन तिथेच आले आणि तिथेच त्यांची पारख झाली. 251च्या सुमारास बिशप कॉर्नेलियस लिहितो की रोमची मंडळी 1500हून अधिक विधवा आणि गरजूंना पोसते. त्या काळी ही मंडळी सम्राटाच्या मर्जीबाहेर, छळाच्या छायेत जगत होती.