रिमोटवरचे एक बटण

अमेरिकेत पोर्टलंडने 2015 साली आणि सिअ‍ॅटलने 2019 साली नियम केला : बार असो, जिम असो की दवाखान्यातली बसायची जागा, लोकांसाठी टीव्ही चालू असेल तर त्यावर कॅप्शन दिसलीच पाहिजेत. यावरचा पूर्वपक्ष ठरलेला. धंदेवाल्यांवर आणखी एक बोजा!

बोजा कसला? 1980 मध्ये तिथे ही सोय सुरू झाली तेव्हा कॅप्शन वाचायला वेगळा डिकोडर विकत घ्यावा लागे. 1990 च्या कायद्याने तो भार टीव्ही बनवणाऱ्यांवर टाकला आणि जुलै 1993 पासून 13 इंच वा त्याहून मोठ्या संचात डिकोडर आतच बसवला जाऊ लागला. पुढे वाहिन्यांवर सक्ती आली. 2006 पासून इंग्रजीतले जवळजवळ सगळे नवे कार्यक्रम तिच्या कक्षेत आले. खर्च कारखानदाराने केला, वाहिनीने केला. बारमालकाच्या वाट्याला उरले रिमोटवरचे एक बटण, आणि त्यासाठी तो गळा काढतो!

दुसरा आक्षेप सभ्य आहे : ‘ज्याला हवे त्याने सांगावे, लावून देऊ.’ म्हणजे कर्णबधिर माणसाने दर ठिकाणी काउंटरवर जाऊन विनवणी करायची, आणि तिथल्या पोराला रिमोट सापडेपर्यंत ताटकळायचे. शिवाय उतारवयात कमी ऐकू येऊ लागलेले कितीतरी जण ते घरातही कबूल करत नाहीत. ते वेटरला सांगणार?

खेळाच्या शौकिनांची तक्रार मात्र खरी. काळी पट्टी नेमकी गुणफलकावर बसते, थेट प्रक्षेपणात शब्द मागून येतात, कधी भलतेच येतात. मग पट्टी सरकवा, चांगली कॅप्शन मागा. बंद कशाला करता?

गोंगाटात ऐकणाऱ्यांचाही फायदा होतो, असे समर्थक सांगतात. होतो खरा, पण त्या कुबडीची गरज नाही. वादळाचा इशारा दिला जात असताना खोलीतल्या एकालाच तो कळत नसेल, तर नियमाला तेवढे कारण पुरे.

हाच नियम उद्या महाराष्ट्रातल्या हॉटेलांना लावा म्हणणाऱ्यांशी मात्र माझे जमत नाही. मराठी वृत्तवाहिन्यांवर पट्ट्या चिक्कार धावतात, पण निवेदक बोलतो ते शब्द त्यांत नसतात. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार? दिव्यांग हक्क कायदा 2016 चा, कर्णबधिरांसाठीचे केंद्राचे प्रसारण-निकष 2019 चे. पहिला तगादा वाहिन्यांकडे लावायचा. हॉटेलमालकाची पाळी त्यानंतर.